मेंढरं दुसऱ्यांदा बसली

"गुरुजी, पोरीचं नाव काढून टाका."

सिदू गोरड शाळेच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला. उंबऱ्याच्या आत तो कधी पाऊल टाकत नसे. आत आलं की आपल्यालाही कुणी पाटी देईल, अशी त्याला धास्ती असावी. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मी फळ्यावर भागाकार मांडत होतो. त्यातून सुटका झाली म्हणून सगळा वर्ग खूश झाला. फक्त शेवटच्या ओळीतली धुरपा पाटीवरून मान वर करीना.

"का बरं?"

"परवा तळ हलतोय."

"अहो, परीक्षा पाडव्यानंतर आहे."

"मेंढरांस्नी सांगून बघा."

होळी नुकतीच होऊन गेली होती. मी कोंढेघरच्या शाळेत नवा होतो, तरणा होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. त्या वयात ते सगळ्यांचंच होतं. माझं लोकांच्या जरा जास्त लक्षात आलं, एवढंच.

सिदू वरच्या देशातला, माणाकडचा. त्या बाजूला दिवाळी सरली की विहिरीचा तळ दिसू लागतो आणि माणसं घोड्यावर बिऱ्हाड लादून चालू लागतात. घोड्याच्या पाठीवर भांडी, भांड्यांवर वाकळा, वाकळांवर कोंबड्या आणि सगळ्यात वर एखादं परवाच जन्मलेलं कोकरू. पावसाळ्यापर्यंत पाठीमागं घर नाही. धुरपाची आजी होती तोवर धुरपा तिच्यापाशी गावाला राहून शिकली. आजी गेली आणि पोर मेंढरांबरोबर निघाली. आमच्या खोऱ्यात तळ पडला की ती सकाळी कोकरं राखायची आणि तिची आई तानाबाई बाजारहाट करून परतली की शाळेत पळत यायची. सगळ्यांच्या नंतर येऊन सगळ्यांच्या आधी गणित सोडवायची.

सिदूकडे मेंढ्या किती होत्या, ते मात्र मी सांगणार नाही. मेंढरं मोजायची नसतात. मोजली की दृष्ट लागते. तो प्रत्येक मेंढी तोंडावरून ओळखायचा. संध्याकाळी 'एक कमी' असं न म्हणता 'तुटक्या कानाची आली न्हाय' म्हणायचा. आमच्या शाळेत मुलं रोज मोजली जात आणि तरी कमीच भरत, त्यामुळे या पद्धतीबद्दल मला आदर आहे.

धुरपाला मात्र या पद्धतीचा जाच व्हायचा. पुस्तक काढणाऱ्यांना मेंढ्यांची भारी हौस. 'एका मेंढपाळाकडे अमुक मेंढ्या होत्या, त्यातल्या तमुक विकल्या...' असं गणित आलं की धुरपा पेन्सिल खाली ठेवायची.

"सोडव की."

"न्हाय गुरुजी. मेंढरं हायत."

"पुस्तकातली आहेत ती!"

"असली म्हणून काय झालं? मेंढरंच न्हवं?"

शेवटी मी म्हणायचो, बरं, कोंबड्या धर. की लगेच उत्तर हजर. कोंबड्यांना कुणाची दृष्ट लागली तरी तिचं काही म्हणणं नव्हतं.

तर या पोरीचं नाव काढायला तिचा बाप आला होता. मी वर्गाला पाढे म्हणायला लावले आणि बाहेर आलो. चिंचेखाली तानाबाई घोड्याची दोरी धरून उभी होती. ती माझ्याकडे न बघता घोड्याला सांगावं तसं म्हणाली,

"तालुक्याला पोरींचं वसतिगृह हाय. म्या घोंगडी इकाया गेलते तवा जाऊन आले. बाईंनी बसाया चटई दिली. म्हनल्या, ठिवून घेतो पोरीला. जेवण, कापडं, समदं. पर चौथी पास झाल्याचा दाखला पायजे."

"मग झालंच की! परीक्षेपर्यंत थांबा."

"थांबायचं कसं?" सिदू म्हणाला. "बसाया रान कुठं हाय?"

हे नीट सांगायला हवं. भात कापून झालं की आमच्याकडची खाचरं उघडी पडतात. शेतकरी धनगराला बोलावणं धाडतो. रात्री मेंढरं त्या खाचरात बसतात, सकाळी उठून जातात आणि मागं खत राहतं. त्याबद्दल शेतकरी धनगराला भात देतो. याला मेंढरं बसवणं म्हणतात. बोलावणं आलं तर धनगर राहतो आणि गावातली खाचरं संपली की पुढच्या गावाला जातो. कोंढेघरातली संपली होती.

"धुरपा एकटीच राहू दे," मी म्हणालो. "रामजीनानांच्या घरी ठेवू. त्यांच्या घरच्या जानकीकाकी जीव लावतील."

सिदूनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला चोरीचं कोकरू विकत होतो.

"कुणाच्या उपकारात? मेंढरं बसिवतो, भात घेतो. आमच्या बापानं कुणाचं फुकाट खाल्लं न्हाय. आन पोर काय गाठोडं हाय व्हय, ठिवून जाया?"

"आणि कुणी बोलावलं तर?"

"बोलिवलं तर ऱ्हाऊ. न बोलिवता धनगर ऱ्हात न्हाय."

तानाबाई घोड्याची आयाळ विंचरत होती. "आवंदा पास झाली न्हाय," ती घोड्याला म्हणाली, "तर मग कोकरं हायतच. आन दोन सालानं मुंडावळ्या."

शाळेत धुरपाचा आवाज सगळ्यांच्या वर चढून सतराचा पाढा म्हणत होता.

कोंढेघरात रामजीनाना शिगवण आणि धोंडूतात्या भुवड यांच्यात एका खाचरावरून दावा चालू होता. सड्याखालचं, म्हणजे गावावरच्या कातळमाळाखालचं, हे खाचर एवढं बारकं, की त्यात पिकणारा भात वकिलाच्या एका जेवणालाही पुरला नसता. पण दावा माझ्या येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा. निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कुणी त्या खाचरात पाऊल टाकू नये, असं कोर्टानं बजावलं होतं. दोघं एकमेकांशी बोलत नसत. बोलायचं झालंच तर बांधावर उभं राहून आपापल्या बैलाला बोलत. तात्यांनी छपरावर नवी कौलं घातली तर नानांना रात्री झोप येत नसे.

मला वाटलं, देवानं हे भांडण माझ्यासाठीच राखून ठेवलंय.

त्याच दुपारी मी नानांकडे गेलो. ते अंगणात सुंभ वळत बसले होते. जानकीकाकी तांदूळ पाखडत होत्या.

"या गुरजी. आज इकडं कुठं?"

"सहज. तात्यांकडची बातमी ऐकली, म्हटलं खरंय का विचारावं."

सुंभ थांबलं. "कसली बातमी?"

"ते म्हणे मेंढरं परत बसवणार आहेत. दुसऱ्यांदा."

"दुसऱ्यांदा?"

"दुप्पट पीक येतं म्हणतात."

नानांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग काकींकडे बघितलं. काकींचं सूप हवेतच राहिलं होतं.

"दुप्पट?" नाना म्हणाले. "कोण म्हनतं?"

"शेतकी खात्यातले कुणी सांगून गेले म्हणे." ही माझी खास कलाकुसर.

"हं. तात्या दुसऱ्यांदा बसवतो, आनि मी काय हातात बांगड्या भरल्यात?"

"माज्या बांगड्यांवर जायाचं काम नाय," काकी म्हणाल्या. "तुमाला काय बसवायचं ता बसवा."

तिथून मी थेट तात्यांकडे. तात्या फणसाखाली बसून पान कुटत होते. तेच वाक्य, फक्त नावाची अदलाबदल. तात्यांनीही तसंच बघितलं. कुटणं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"रामजी म्हंजे शाना माणूस," ते म्हणाले. "तो बसवतो म्हंजे कायतरी असंल. सिदूला सांगा, उद्याची रात माजी."

मी घरी आलो तो जवळजवळ नाचत. दोन बेरकी म्हातारे एका दुपारी खिशात! त्या रात्री मला शिक्षण खात्यात फुकट जातोय असं वाटलं. राजदूत व्हायला हवं होतं.

आणि मग कोंढेघरात जे सुरू झालं ते बघायला शेजारच्या वाडीची माणसं यायची. सकाळी नाना बांधावर येऊन बैलाला ओरडून सांगायचे, "ढवळ्या, आज मेंढरं आपल्यात, काय? कुणाच्या बापाचं नाव घ्यायचं नाय!" पलीकडून तात्या आपल्या बैलाला म्हणायचे, "पवळ्या, ज्याचं रानच भिकार, त्याला कितीबी बसवून काय?" एक रात्र इकडे, दोन तिकडे. सिदूला सकाळी एकाचा निरोप यायचा, दुपारी दुसऱ्याचा. त्यांचं बघून आणखी काहींच्या पोटात दुखू लागलं आणि त्यांनीही एकेक रात्र मागितली. सिदू कुणालाच काही बोलत नव्हता. दोन्ही बैलांचं ऐकून घ्यायचा आणि मेंढरं हाकायचा.

एकच गोष्ट मला जरा चमत्कारिक वाटली. एकदा मी तळावर गेलो तेव्हा नानांचा गडी भाताची पाटी घेऊन आला होता. सिदूनं ती तशीच परत पाठवली.

"घ्यायचा की," मी म्हणालो. "तुझा हक्काचा आहे."

"भांडणाचा भात आमी खात न्हाय, गुरुजी."

मला वाटलं, असेल काही रीत. धनगराच्या रीती मला कुठं ठाऊक? नाही म्हणायला मेंढरं न मोजण्याची एक तेवढी होती.

तिकडे धुरपाचा अभ्यास जोरात चालला होता. कोकरांना जाळीत घालायची आणि जाळीला टेकून पुस्तक उघडायची. कोकरं पुस्तकाची कडा चघळायची. इतिहासातलं एक सबंध युद्ध त्यांनी खाल्लं. मी तिला ते तोंडी सांगितलं.

"कोण जितलं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"मग हरलेली मानसं कुठं गेली ऱ्हायला?"

हे पुस्तकात नव्हतं. कोकरानं खायच्या आधीसुद्धा नव्हतं.

पाडवा झाला. परीक्षा तोंडावर आली आणि खाचरं पुन्हा संपली. नानांची झाली, तात्यांची झाली, हौशागवशांची झाली. आणखी एखादी रात्र मागायला मी नानांकडे गेलो, तर ते म्हणाले, "आता तिसऱ्यांदा बसवू? मेंढरं हायत का पावनं?" तात्यांनी तर ऐकूच आलं नाही असं केलं. दुपारी तळावर तानाबाई भांडी पोत्यात भरत होती. वाकळा बांधून झाल्या होत्या. धुरपा कोकराला मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

"परवा परीक्षा आहे, तानाबाई. परवा!"

"म्हाईत हाय की मला," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती घोड्याशी न बोलता माझ्याशी बोलली. तिचे डोळे लाल झाले होते. "पर आज मेंढरं कुठं बसवू? तुमच्या फळ्यावर?"

तेवढ्यात सड्याकडून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही सगळे पळालो. दाव्यातल्या त्या खाचराच्या एका अंगाला नाना उभे होते, दुसऱ्या अंगाला तात्या. दोघांचेही पाय काटेकोरपणे बाहेर.

"ह्या खाचरात मेंढरं बसतील ती माजी म्हणून!" नाना ओरडले.

"माजी म्हणून!" तात्या ओरडले.

"सिदू! घाल आत!"

"सिदू! माज्या नावानं घाल!"

"अहो, कोर्टाची मनाई आहे!" मी मध्ये पडलो.

"मनाई आमाला हाय," नाना म्हणाले. "मेंढरांचं नाव हाय का कागदावर?"

"नाय," तात्या म्हणाले. कित्येक वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेलं मी प्रथमच ऐकलं, पण तेव्हा तिकडे माझं लक्ष नव्हतं.

सिदू खाचराच्या कडेला आला. त्यानं एकदा नानांकडे बघितलं, एकदा तात्यांकडे. मग पागोटं काढलं, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा बांधलं आणि काठी उचलली. मेंढरं आत शिरली. एवढ्याशा खाचरात ती अशी दाटीवाटीनं बसली की जमीन दिसेना. तानाबाईनं पोत्यातून भांडी परत बाहेर काढली.

परीक्षा झाली. लेखी सुरळीत झाली. तोंडी घ्यायला तालुक्याहून एक साहेब आले होते, जाड भिंगांचे आणि घाईत असलेले. धुरपा समोर उभी राहिली. साहेबांनी तिचं घोंगडं बघितलं आणि आपुलकीनं तिच्या ओळखीचं गणित घातलं.

"एका धनगराकडे ऐंशी मेंढ्या होत्या..."

धुरपानं हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"ऐकलंस ना? ऐंशी मेंढ्या."

गप्प.

"ही पोर बोलत नाही, गुरुजी." साहेबांनी पेन उचललं.

"साहेब," धुरपा म्हणाली. "कोंबड्या धरू का?"

"काय?"

"मेंढरं मोजत न्हाईत. नजर लागती. माज्या आबाची मेंढरं समद्या गावाच्या रानात बसल्यात. त्यास्नी नजर लागली तर म्या शिकून काय करू?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. घाई जरा कमी झाल्यासारखी वाटली.

"बरं," ते म्हणाले. "एका धनगराकडे ऐंशी कोंबड्या होत्या."

उत्तर त्यांचं वाक्य संपायच्या आत आलं. त्यांनी आणखी चार गणितं घातली. सगळी कोंबड्यांची.

दाखला मिळाला. धुरपा वसतिगृहात गेली. सोडायला तानाबाई गेली आणि चटईवर बसून आली. सिदू बाहेर घोड्यापाशी थांबला. उंबरा काही त्यानं ओलांडला नाही.

खरी गोष्ट मला कळली ती त्यानंतर, आश्विनात. भात पिवळं झालं होतं. मी सड्यावरून खाली बघितलं तर सगळ्या गावाचं पीक उभं आणि नानांचं, तात्यांचं आणि त्या हौशागवशांचं तेवढं जमिनीला लोळलेलं. हिरवंगार, गुडघाभर पेंढा, लोंब्या पोकळ. दाव्याच्या खाचरात तर नुसतं गवत माजलं होतं.

मी धावत नानांकडे गेलो. ते त्याच जागी सुंभ वळत होते.

"नाना, हे काय झालं?"

"काय व्हायचं? दुप्पट पीक आलं," ते म्हणाले. "पेंढ्याचं."

काकी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"गुरजी," नाना म्हणाले, "एका रानात मेंढरं परत बसवली की भात माजतं नि आडवं होतं. शेताच्या बांधावर जन्मलेल्या कुनाला पन इचारा."

"मग तुम्ही... माझं ऐकलंत कशाला?"

"तुमी लबाडी करताव तवा कान लाल होतात तुमचे. लांबून दिसतात." सुंभाला पीळ पडत होता. "तुमी गेलाव नि मी बांध ओलांडून तात्याकडं गेलो. मी बोललो, मास्तर येऊन गेला. तो बोलला, माज्याकडं पन आला. मी बोललो, पोरीची परीक्षा हाय. तो बोलला, म्हायती हाय. मग बसवू? बसवू. पन भांडान थांबवायचा नाय हां, मी बोललो. तो बोलला, थांबवतो कोन?"

"पण मग सरळ सिदूला सांगायचं, राहा म्हणून!"

"न् तो ऱ्हायला असता?" नानांनी पहिल्यांदा वर बघितलं. "दया म्हणून बोलावला तर त्यो धनगर एक रात थांबता नाय. भांडनात बोलावला तर ता बोलावनं. त्याला काय कळत नव्हतं? आमच्यापरीस जास्ती कळत होतं. म्हणून तर भात परत धाडत होता."

म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नानांना, तात्यांना, सिदूला, तानाबाईला. बहुतेक दोन्ही बैलांनाही. कोंढेघरात कुणाला काही कळत नव्हतं असा एकच माणूस होता आणि तो शाळेत शिकवत होता.

"पण एवढं नुकसान..."

"आमच्या कुंदाला यांनी तिसरीतनं काढली व्हती," काकी म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "गुरं राखाया. हुशार व्हती ओ."

नाना सुंभ वळण्यात फार गढून गेले.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. नाना गेले, तात्या गेले. दावा चालू आहे, आता मुलगे चालवतात. निवृत्तीनंतर मी कोंढेघरलाच घर बांधलं. गेल्या हिवाळ्यात दारात एक सरकारी जीप थांबली आणि पशुसंवर्धन खात्याच्या पशुधन पर्यवेक्षक बाई उतरल्या. हातात कागदांचा गठ्ठा, पायात बूट, आणि चाल मात्र मेंढरांमागं चालणाऱ्याची.

"गुरुजी, पशुगणना चाललीय," धुरपा म्हणाली. "चला, आबाचा तळ सड्याखाली पडलाय. एकटीला धीर होईना."

आम्ही गेलो. तानाबाई चुलीपाशी होती. तिनं आम्हाला बसायला चटई टाकली. सिदू आता पुरता म्हातारा झाला होता, पण काठी तीच. समोर मेंढरं बसली होती. धुरपानं कागद काढला, पेन काढलं, रकान्यावर बोट ठेवलं आणि थांबली. सरकार एकीकडे, बाप एकीकडे. मी चुलीतल्या धुराकडे बघत राहिलो.

मग तिनं घसा साफ केला.

"आबा," ती मेंढरांकडे बोट दाखवत म्हणाली, "ह्या कोंबड्या किती हायत?"

सिदूनं कळपावरून नजर फिरवली. एकेक तोंड बघितलं. तुटक्या कानाचीची कुणी नात-पणती असेल, तिच्यावर जरा थांबला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

त्यानं आकडा सांगितला.

धुरपानं तो मेंढ्यांच्या रकान्यात लिहिला आणि खाली सही केली.

आकडा मी ऐकला. पण तो काही मी तुम्हाला सांगायचा नाही.